स्थानिक माणूस पाहिजे

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीकाठच्या जुन्या इमारतींतली घरं पर्यटकांना रात्रीच्या बोलीवर देण्याची जी प्रथा रूढ झाली आहे, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. छताला लाकडी तुळया, खिडकीत पोन्ते वेक्यो पूल, पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. लिफ्ट नाही, पण प्रेमिकांना चार जिने म्हणजे काय! १९६६च्या महापुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते दाखवणारी पाटी जवळच्या भिंतीवर आहे. ती ‘नदीदर्शन’ या सदरात मोडते.

मुख्य सोय म्हणजे शेजारी नाहीत. दारादारावर फक्त आकडे फिरवून उघडायच्या चावीच्या डब्या. महापालिकेने २०२३ साली जुन्या शहरात अशी नवी घरं काढायला बंदी घातली, पुढे या डब्यांवरही. अरसिकपणा, दुसरं काय?

‘स्थानिकांसारखं राहा’ असं जाहिरात सांगते. अडचण एवढीच, की नमुन्यालाही स्थानिक सापडत नाही. तेव्हा दर इमारतीमागे एक नेमावा. काम सोपं: सकाळी खिडकीतून ओलं धुणं झटकणे, समोरच्या बंद खिडकीशी कडाडून भांडणे, सायंकाळी जिन्यात लसूण-टोमॅटोचा वास सोडणे. रविवारी जादा दर. राहण्याची सोय नाही. शेवटच्या बसने परत जावे.

अनुभवींना प्राधान्य. याच इमारतीतून घर खाली करावं लागलेल्यांनी अर्जात जुना मजला नमूद करावा. चावी मागू नये.