फक्त वर्डमध्ये पाठवा

आपल्याच ग्रंथाची प्रुफं कुरूप दिसली म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी 1977 मध्ये अक्षरजुळणीची नवी प्रणालीच लिहायला घेतली. तिचं नाव टेक. तिच्या आवृत्तीचा क्रमांक दर सुधारणेला पायच्या (π) किमतीकडे एक अंक सरकतो. परिपूर्णतेचा एवढा सोस! त्या सोसाने टेकमध्ये लिहिलेल्या लेखाला काही नियतकालिकांच्या संपादकांचं उत्तर एका ओळीचं असतं: ‘सुंदर आहे, फक्त वर्डमध्ये पाठवा.’

मग पँडॉक या फाइल-रूपांतरकाला शरण जायचं. साधी समीकरणं तो खरोखर नीट उतरवतो, संपादनही करता येतं. पण टेकच्या टिक्झ पॅकेजमध्ये काढलेली आकृती मुकाट गाळतो, समीकरणांचे क्रमांक खातो आणि ‘समीकरण 7 पाहा’च्या जागी चौकटी कंसात लेबलचं कच्चं नाव ठेवतो. वाचकाने पाहावं काय, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पीडीएफवरून रूपांतर करणारी काही साधनं तर थेट समतावादी. घातांकाने वर बसायचं कारणच काय? त्याला खाली, बाकीच्यांच्या रांगेत आणतात. दहाचा वर्ग 102 होतो, आणि स्पेलचेकला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

लेख यथावकाश स्वीकारला जातो. पुढे काही गणिती नियतकालिकांत जुळारी ती वर्ड फाइल उघडतो आणि सगळी समीकरणं पुन्हा टेकमध्ये बसवतो.