फादरला पोरगं नाही

आमच्या चुडाव्यात लेकीची सोयरीक जुळवायला जेवढी माणसं लागत नाहीत, तेवढी तिचं नाव शाळेत घालायला लागतात. लेक चौथी पास झाली, आता पाचवीला कुठं, एवढाच सवाल. चहाच्या हॉटेलात मी सहज बोलून गेलो की नांदेडला फादर लोकांच्या हायस्कुलात टाकावं म्हणतो. दिवेलागणीच्या आत पूर्णेहून मेहुण्याचा फोन : "दाजी, लेकरू बाटवायलाव का काय?"

चुडावा म्हणजे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं स्टेशन. पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस आमच्याकडं न बघता निघून जाते. शाळांच्या पिवळ्या बसा मात्र दोन्हीकडून येतात आणि फाट्यावर लेकरं वेचतात. प्रत्येक बसवर टाय लावलेलं एक गोरंपान लेकरू रंगवलेलं असतं. आतली आमची लेकरं त्याच्या वळणाची अजून तरी झालेली नाहीत. आमच्याकडं इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच. साईबाबा असोत, माउली असोत, नाहीतर मारुतीराय असोत, कुणाच्याही नावामागं कॉन्व्हेंट लागतं. ब्रह्मचारी म्हणून त्यातल्या त्यात मारुतीराय शोभतात, एवढंच. खऱ्या सिस्टरांची शाळा ओळखायची खूण एकच : तिथं कुणी तुम्हाला "या" म्हणत नाही, "फॉर्म संपले" म्हणतात.

रात्री ओसरीवर बैठक बसली. पुण्याचा साडू मोबाईलच्या स्पीकरवर. तो म्हणाला, पुण्यात सेंट व्हिन्सेंट 1867 पासून आहे, मुंबईचं झेवियर्स 1869 पासून, आणि गावसकर झेवियर्सचाच. आमची लेक बॅट धरत नाही, हे मी सांगितलं. "तसं नाही, शिस्त!" म्हणून त्यानं फोन ठेवला. पुण्याची माणसं शिस्तीवर फोन ठेवतात.

चुलतभाऊ म्हणाला, "आरटीईत पंचवीस टक्के जागा फुकट असत्यात की. ऑनलाइन फॉर्म भर, लॉटरीत लागंल." यावर रिटायर गुरुजींनी चष्मा पुसला. गुरुजी चष्मा पुसू लागले की कायदा येतो. "कायदा 2009 चा. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याकांच्या शाळा त्यातून बाहेर काढल्या. अन् त्या जागा असत्यात पहिलीला नाहीतर त्याच्या खाली. ह्याची लेक पाचवीला." चुलतभाऊ गप्प झाला. फुकटाचा मार्ग बंद झाल्यावर त्याचा शिक्षणातला रसही संपला.

आईचं एकच : "लेकरू बाटंल." गुरुजी पुन्हा चष्म्याकडं वळले. घटनेचं अठ्ठाविसावं कलम निघालं : सरकारमान्य शाळेत पालकाच्या संमतीशिवाय लेकराला धर्माच्या तासाला बसवता येत नाही. ख्रिश्चनांच्या पोरांना वेगळा तास, बाकीच्यांना नीतिमूल्यं. आईनं विचारलं, "मंग आपल्या शाळांत नसत्यात का नीतिमूल्यं?" तेवढ्यात चहा आला म्हणून बरं. चहा पिऊन गुरुजींनी ठेवणीतला दाखला काढला. 2020 च्या जानेवारीत ते उस्मानाबादला साहित्य संमेलनाला गेले होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. "आपल्या भागातल्या निम्म्या पुढाऱ्यांपेक्षा त्या फादरचं मराठी चोख," गुरुजी म्हणाले. निम्म्या म्हणाले, कारण बैठकीला एक पुढारी हजर होता.

माझं कारण मात्र वेगळं होतं. गावसकर, शिस्त, इंग्रजी, काहीच नाही. फादरला पोरगं नसतं, हे माझं कारण. आमच्या भागात शाळा निघते ती साहेबांच्या नावानं. साहेब अध्यक्ष, वहिनीसाहेब सचिव, थोरला कोषाध्यक्ष, सून मुख्याध्यापिका, जावई क्लार्क. आणि ज्या मेहुण्याला कुठंच नोकरी लागली नाही तो गणिताला. पंधरा ऑगस्टला झेंडा साहेबांच्या नातवाच्या हातून. निकाल लागला की अभिनंदनाच्या बोर्डावर साहेबांचा फोटो दारभर आणि पहिल्या आलेल्या पोरीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. फादरचं तसं नाही. ना बायको, ना मेहुणा, ना तिकिटाची आस. संस्था धर्मप्रांताची. आपला मराठवाडा 1977 पासून औरंगाबाद धर्मप्रांतात आहे, त्याआधी अमरावतीकडं होता. बिशपची चिठ्ठी आली की फादर ट्रंक उचलून दुसऱ्या गावी. शिक्षणखात्याला आजवर जे साधलं नाही ते ब्रह्मचर्यानं साधलंय, हे मी बैठकीत बोललो. पुढारी उठून गेला. आई म्हणाली, "बिचाऱ्याला भाकर कोण करून देतंय मंग?"

मग झाली मुलाखत. शाळेचं नाव सांगत नाही, लेक अजून तिथंच आहे. मुलाखत हा शब्द तिथं वापरत नाहीत, 'भेट' म्हणतात. बायकोनं लेकीकडून आठवडाभर इंग्रजी फळं घोकून घेतली होती. आमच्या धुऱ्यावर सीताफळं, जांभळं, पण त्यांचं इंग्रजी कुणाला येतंय! सिस्टर केरळच्या, मराठी बोलायच्या ते फुंकून फुंकून. त्यांनी विचारलं, आवडतं फळ कोणतं? लेक ताठ उभी राहून म्हणाली, "ॲपल." सिस्टर हसून म्हणाल्या, "रोज खाते तू?" लेक म्हणाली, "नाही, कुणी दवाखान्यात असलं की."

सिस्टर बराच वेळ पाण्याचा पेला शोधत होत्या. नंतर त्यांनी माझ्याकडं वळून "अँड यू, सर?" असं काहीसं विचारलं. मी हळद, सोयाबीन, कापूस असा पेरा सांगून टाकला. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला; त्या पगाराचं विचारत होत्या. नाव लागलं ते लेकीच्या दवाखान्यावर, माझ्या हळदीवर नव्हे, असं घरात ठरलेलं आहे.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, तोच शेजारच्या गावचे एक संस्थाचालक घरी आले. सोफ्यावर बसले, पाणी प्याले. "पोरगी आपल्याकडं आणा. बस फुकट. पुढल्या साली केरळची सिस्टर बी आणायलाव, बोलणं झालंय."

"वा! अन् अध्यक्ष तुम्हीच का अजून?"

"छे हो, मी कवाच सोडलं. आता पोराला केलंय."