रसिकाग्रणींस खुले पत्र

रा. रा. रसिकाग्रणी महोदय यांसी,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मोरोक्कोतल्या एस्सावीरा गावी, ग्नावा महोत्सवात, मौले हसन चौकातल्या त्या तुडुंब गर्दीत आपण नेमके माझ्याच पुढे येऊन उभे राहिलात, हे माझं पूर्वसुकृत. जून महिना असला तरी अटलांटिकवरचा वारा तिथे अंगातला सदरा सुद्धा अंगावर ठेवू देत नाही. आपल्या भरदार पाठीच्या आडोशाला मला तो अजिबात लागला नाही. मंचही दिसला नाही. पण सगळंच कुठे मिळतं?

नाही कसा, दिसला की! आपण दोन्ही हातांनी टॅब्लेट डोक्यावर धरला होता. मंचावरचे उस्ताद (तिकडे त्यांना 'मालेम' म्हणतात) मला त्यात पोस्टकार्डाएवढे दिसले. इतकं चित्रीकरण आपण पुढे कधी पाहणार, असा क्षुद्र प्रश्न मी मनात येऊ दिला नाही.

आपल्या व्यासंगापुढे तर मी नतमस्तक आहे. गेम्ब्री एकटं वाजू लागलं होतं. लाकडाचा ओंडका कोरून त्यावर उंटाचं कातडं ताणलेलं, तीन तारांचं वाद्य. त्याच बोटांनी तार छेडायची आणि कातड्यावर थापही द्यायची. तो खर्ज छातीत उतरत असताना आपण शेजाऱ्यांना सांगितलंत, "आपल्या सवाईला या वेळेपर्यंत साउंड कसा लागतो!" पुण्याची आठवण काढल्यावाचून परदेशातलं संगीत पचत नाही, हे मला माहीतच नव्हतं.

मग लोखंडी करकेब खणखणू लागले. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांचं, म्हणजे ग्नावांचं, हे संगीत. करकेबांत बेड्यांचा आवाज आहे, असं तिथे सांगतात. आपण म्हणालात, "चिपळ्याच की हो!" आणि टाळ्यांनी केरवा धरलात. तो ठेका धड तीनाचा नाही, धड चाराचा नाही, त्यातच त्याची सगळी मजा. आपण त्याला वळण लावलंत. नसलेल्या समेवर आपली "वाऽऽ!" अशी दादही न चुकता येत होती. त्या गोंडेवाल्या, कवड्यांच्या टोप्या घातलेल्या कलाकारांना इतकी सक्तीची साथ क्वचितच मिळाली असेल.

जिमी हेंड्रिक्सने वाळूच्या किल्ल्यांवरचं ते गाणं इथेच बसून रचलं, हे आपण ऐन रंगात आलेल्या गाण्यावर आवाज चढवून सांगितलंत. अनंत आभार. गाणं १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत आलं आणि हेंड्रिक्स या गावी आला १९६९ साली. पण प्रतिभावंतांना कालक्रमाचं बंधन नसतं. हेंड्रिक्सलाही नसेल, आपल्याला तर नाहीच.

कौटुंबिक जिव्हाळ्याचा उल्लेख राहिलाच. रात्री अकराच्या सुमाराला आपण घरी व्हिडिओ कॉल लावलात. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेतीन. वहिनींनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?" आपण ओरडलात, "अगं, कोणी नाही गेलं, ऐक!" त्या माउलीला ऐकायला मिळावं म्हणून आम्ही पन्नासेक जणांनी ऐकणं सोडलं. त्याचा सल नाही. फक्त त्यांनी फोन ठेवल्यावरही आपण "हॅलो, हॅलो" म्हणत होतात, तेवढं जरा लांबलं.

ग्नावांच्या 'लीला' नावाच्या विधीत रात्रभर वाजवून अंगात येणाऱ्या शक्तींना शांत करतात म्हणे. त्या परंपरेला युनेस्कोने २०१९ साली वारशाच्या यादीत घेतलं. मीही हात जोडून उभा होतो. पण आपल्यावर काही उतारा पडला नाही. दोष मालेमांचा नव्हे. शक्तीच मोठी.

असो. हा महोत्सव १९९८ पासून भरतो आहे आणि चौकातलं गाणं आजही फुकट ऐकायला मिळतं, म्हणजे आपल्याला अडवणारं तिकीटसुद्धा नाही. तेव्हा एकच कळकळीची विनंती: पुढच्या जूनमध्ये आपण कोणत्या खंडात असाल, तेवढं आधी कळवावं. मी दुसऱ्या खंडाचं विमान पकडेन.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपल्या पाठीमागचा,
एक श्रोता