तीन शक्यता

नाव विचारलं की थेट व्युत्पत्तीलाच हात घालणारे एक गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणार. आमच्या सोसायटीत धोंडोपंत आहेत. बँकेचा काउंटर असो, नाहीतर रक्त तपासायला दंड पुढे केलेला असो, समोरच्यानं "धोंडो?" एवढं म्हणायचा अवकाश, पंतांची तीन बोटं वर होतात. "तीन शक्यता आहेत."

पहिलं बोट काशीच्या धुंडिराज गणपतीचं. धुंडिराजाचा बोलता बोलता धोंडो झाला. मग साक्षीदार येतात. सिनेमावाले दादासाहेब फाळके मुळात धुंडिराज गोविंद, आणि १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या कागदोपत्री धोंडोपंतच! एका कुरिअरवाल्या पोराला पंतांनी नानासाहेबांबरोबर पार कानपूरपर्यंत नेलं. पोरगं पार्सल न देताच परत गेलं.

दुसरं बोट धोंड्याच्या महिन्याचं. अधिक मासात जन्मलेल्या मुलाला धोंडू म्हणायची चाल होती. पण एवढ्यावर भागत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाला सुमारे ११ दिवसांनी कसं तोकडं पडतं आणि दर ३२-३३ महिन्यांनी जादा महिन्याचं ठिगळ कसं लावावं लागतं, तेही ऐकावं लागतं. गेल्या अधिकात आमच्या जावयानं हे सगळं पानावर बसून ऐकलं. वाणातले ३३ अनारसे घरात वाटून संपले, तरी पंत दुसऱ्याच बोटावर.

तिसरं बोट कुणीच ऐकलेलं नव्हतं. तिथवर टिकणारा श्रोता आमच्याकडे जन्मायचाय. पासपोर्टच्या खिडकीशी तर मागच्या रांगेनंच ओरडून पंतांची बोटं मिटवली.

परवा पंतांची पंचाहत्तरी झाली. तिथीनं, मार्गशीर्षात. बासुंदी खाता खाता मी हिशेब मांडला. मार्गशीर्ष सहसा अधिक होत नाही, हे पंतांनीच माझ्या डोक्यात भरलेलं. म्हणजे दुसरं बोट गेलं. घराणं जेजुरीच्या खंडोबाचं, काशीला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही, पहिलंही डळमळलं. शेजारी पंतांची नव्वदीची आतेबहीण बसली होती. तिला विचारलं.

"अहो, याच्या आधीचे दोघे गेले ना," ती म्हणाली. "चांगली देवाची नावं होती त्यांची. म्हणून मामीनं याला धोंडा म्हटलं. दगड समजून तरी काळानं पुढं जावं."

दगडू, केरू, भिकू ही सारी त्याच कुळातली नावं. मूल नकोसं असल्याचं जगाला दाखवायचं आणि पदराखाली राखायचं.

पंत ऐकत होते. आज बोटं वर झाली नाहीत. "तिसरी शक्यता जरा घरगुती आहे," ते म्हणाले. "खिडकीवर सांगण्यासारखी नाही."

माणूस छळवादी आहे, पण त्या दिवशी मी त्यांना आपण होऊन आणखी एक वाटी बासुंदी वाढली.

आता बारशाची नावं मोबाइलवरून येतात. निम्म्यांच्या शेवटी 'अंश' असतो, आणि अर्थ विचारला की आईबाप स्क्रीन पुढे करतात. तिथे धोंडो कुणी सुचवणार नाही. पण हे नाव कुणाला पावलंच नाही असं मात्र म्हणू नका. महर्षी धोंडो केशव कर्वे जन्मले १८५८ साली आणि गेले १९६२ साली, वयाच्या १०४व्या वर्षी.