डॉ. लॅरी यांची गुणवत्ता

विद्वत्ता मोजायची कटकट भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये एच-इंडेक्स मांडून कायमची मिटवली. एच-इंडेक्स 11 म्हणजे प्रत्येकी निदान 11 वेळा उद्धृत झालेले 11 शोधनिबंध. ते उघडून वाचायची गरज उरली नाही, हा विद्यापीठांवरचा उपकारच.

या पद्धतीचे सर्वांत गुणी लाभार्थी म्हणजे लॅरी रिचर्डसन. 2024 मध्ये गूगल स्कॉलरवर त्यांचे गणितातले 12 शोधनिबंध, 132 दाखले आणि एच-इंडेक्स 11! वैद्यकशास्त्रात दाखले पोत्याने पडतात. गणितात ते थेंबाथेंबाने मिळतात. त्यामुळे हे यश अधिकच उठून दिसते. निबंध निरर्थक होते आणि लॅरी हे अमेरिकेतल्या एका आजीबाईंचे बोके आहेत, असे आक्षेप काही मत्सरी लोक घेतात. पण अर्जात तसा रकाना नाही.

याउलट भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज पाहा. 1964 नंतर दहा निबंधही नाहीत. विभागाने यादी मागितली की ‘काही नाही’ असे कळवायचे. पुढे 2013 मध्ये नोबेल मिळाले म्हणतात. असो, गुणपत्रिका वेळेत भरायला हवी होती. अशांच्या मुलाखती यापुढे लॅरी यांच्या अध्यक्षतेखाली व्हाव्यात.

दुर्दैवाने गूगलने लवकरच ते सारे दाखले पुसले. एच-इंडेक्स शून्यावर आला, तरी लॅरी यांची झोप मोडली नाही. ते प्राध्यापकपदाला अपात्र असल्याचा एवढा एकच पुरावा आजवर मिळाला आहे.