सरकारच्या डोक्याबाबत मतमतांतरे

दरवर्षी 6 जानेवारीला तालुक्याच्या गावी पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली याच दिवशी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून. जांभेकरांच्या फोटोला हार घालून झाला की आमदारसाहेब माइक हातात घेतात आणि सांगतात, पत्रकारानं राजकारणात तटस्थ राहिलं पाहिजे. टाळ्या. मग शाल, श्रीफळ आणि एक डायरी. डायरीवर साहेबांचा फोटो.

शाल पांघरून बसलेल्या वार्ताहराला पगार नाही. मानधन आहे, ते मोबाइलच्या रिचार्जमध्ये संपतं. संसार चालतो जाहिरातींच्या कमिशनवर. साहेबांचा वाढदिवस जवळ आला की पुरवणीचं टार्गेट येतं: पूर्ण पान इतक्याला, अर्धं तितक्याला, ‘विकासपुरुष’ फुकट. आता या माणसाला पक्षपाती कोण म्हणेल? साहेबांच्या विरोधकाचा वाढदिवस आला की तो तोच मजकूर, फोटो तेवढा बदलून, तितक्याच उमाळ्यानं छापतो.

तटस्थतेचा खरा सुवर्णकाळ महाराष्ट्रानं 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पाहिला. एकमेकांचा खप ओढायला टपलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची आरती शब्द न शब्द सारखी छापून आली होती, हे पी. साईनाथांनी उघड केलं. स्पर्धकांमधलं असं मनोमीलन एरवी सत्तास्थापनेच्या रात्रीच दिसतं. प्रेस कौन्सिलनं पेड न्यूजच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली होती. तिच्या अहवालात तर एकाच पानावर, एकाच जागेचे दोन प्रतिस्पर्धी उमेदवार दोघंही निवडून येणार, अशा बातम्यांचा उल्लेख आहे. याहून समतोल वार्तांकन ते काय असतं?

कौन्सिलही तटस्थतेत मागं राहिलं नाही. वृत्तपत्रांची नावं घेणारा अहवाल बाजूला सारून 2010 साली छोटा, सोवळा अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 साली बाहेर आला.

मला कधी कधी टिळकांची काळजी वाटते. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा 1897 चा अग्रलेख आजच्या डेस्कवर आला असता तर? (‘केसरी’त असताना आगरकरांचं टिळकांशी पटेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. कोण कुठं उभा आहे, हे वाचकाला मुखपृष्ठावरूनच कळायचं. मग आकडे आणि युक्तिवाद तपासायला तो मोकळा. पण हा जुना अडाणीपणा झाला.)

तर डेस्कवरचे उपसंपादक आधी प्रश्नचिन्ह काढतील, प्रश्नचिन्हात भूमिका दिसते. नवा मथळा: ‘सरकारच्या डोक्याच्या ठिकाणाबाबत मतमतांतरे’. पहिल्या परिच्छेदात ‘राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण आले आहे’. प्लेगच्या काळात पुण्यात सोजीर घराघरांत घुसले, हे वाक्य ‘तपासणी मोहीम राबवण्यात आली’ असं होईल. कोणी राबवली, कोणाच्या घरात, याला कॉलममध्ये जागा नाही. शेवटी ‘सरकारची बाजू समजून घेण्यासाठी संपर्क साधला असता तो होऊ शकला नाही’. त्याच वर्षी ‘केसरी’तल्या लिखाणावरून राजद्रोहाखाली झालेली दीड वर्षाची सक्तमजुरीही टळली असती.

आणि खाली जागा उरलीच असती, तर हीरकमहोत्सवानिमित्त महाराणी व्हिक्टोरियांना हार्दिक शुभेच्छा. अर्धं पान, रंगीत. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार, पुणे.