प्रभू, तू जाणतोसच

नवी मुंबईत राहणाऱ्याला योजना आखण्याचे व्यसन जडले तर नवल नाही. हे शहरच आधी कागदावर वसले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली 'मार्ग' नियतकालिकात कल्पना मांडली, 1970 मध्ये सिडको आली, आणि आज आमच्या नेरुळात माणूस पत्ता म्हणून सेक्टरचा आकडा सांगतो.

अशा गावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीत विषयपत्रिकेवर पहिला विषय 'प्रार्थना' आणि दुसरा 'मागील सभेचे इतिवृत्त'. केवढी ही भक्ती, असे ज्याला वाटेल त्याने नाताळच्या तयारीच्या सभेला यावे. खजिनदार डोळे मिटतात. "हे प्रभू, तू जाणतोसच की हॉलचं भाडं यंदा वाढलंय, आणि तुझ्या दासांपाशी शिल्लक किती तेही तू जाणतोस..." प्रार्थनेत मांडलेल्या मुद्द्याला हरकत घेता येत नाही, ही त्यातली गोम. म्हणून तरुण संघाचा सेक्रेटरी 'आमेन'साठी टपून बसतो आणि लगेच आपली प्रार्थना उचलतो, "बापा, मैदानातले डासही तूच निर्माण केलेस..." मग महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई दोन्ही पक्षांना क्षमा करण्याची देवाला विनंती करतात आणि जाता जाता बिर्याणी की पुलाव याचाही निकाल लावून टाकतात. शेवटचे आमेन होईतो ठराव मंजूर. या सगळ्यात देवाने बोलायचे कधी, हा मुद्दा इतिवृत्तात येत नाही.

खरे तर बायबलमध्ये कमिटीवाल्यांसाठी नहेम्या बसलेलाच आहे. शूशन राजवाड्यातला प्यालेबरदार, म्हणजे सरकारी नोकर. यरुशलेमचा कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे त्याने तोंड उघडले ते निसानमध्ये. मधले चारेक महिने उपास आणि प्रार्थना. पण गडी नुसते हात जोडून बसला नव्हता. राजाने विचारताच त्याने मुदत सांगितली, नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे पत्रे मागितली, आणि राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याने लाकूड द्यावे म्हणून वेगळे पत्र. एनओसी आणि वनखाते एकाच बैठकीत! (उत्तर देण्याआधी मनातल्या मनात त्याने आणखी एक प्रार्थना केली. ती इतकी आखूड की आमच्या खजिनदारांचे 'हे प्रभू'सुद्धा त्यात मावले नसते.) कोट 52 दिवसांत पुरा. आमची बेलापूर-पेंधर मेट्रो साधारण 11 किलोमीटरची. काम 2011 मध्ये सुरू झाले, गाडी धावली नोव्हेंबर 2023 मध्ये. दोन्हींच्या अभियांत्रिकीत फरक आहे, हे मान्य.

यहोशवाच्या पुढाऱ्यांचे उलट झाले. गिबोनी लोक फाटके जोडे आणि बुरसटलेल्या भाकरी दाखवत "फार लांबून आलो" म्हणाले. पुढाऱ्यांनी भाकरी तपासल्या, देवाला मात्र विचारले नाही, आणि करार करून मोकळे झाले. तीन दिवसांनी कळले, पाहुणे शेजारच्याच गावचे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणणाऱ्या एजंटाबरोबर फ्लॅट पाहायला जाणाऱ्याने यहोशवाच्या पुस्तकाचा हा नववा अध्याय वाचून जावा. फसवणूक तीच, फक्त अंतर उलटे.

आमच्या घरात आत्या आहे. नगरकडची, मिशनच्या आवारात वाढलेली. उद्या अमुक करू असे म्हणू नका, प्रभूची इच्छा असली तर करू असे म्हणा, हे याकोबाच्या पत्रातले सांगणे ती अक्षरशः पाळते. दळण टाकायलाही याच अटीवर निघते. इथल्या विमानतळाचे भूमिपूजन 2018 मध्ये झाले आणि प्रवासी विमाने सुरू झाली 25 डिसेंबर 2025 ला. पेपरात ती तारीख वाचून आत्या म्हणाली, "बघ, त्यांच्यातलं कुणीतरी विचारून आलं असणार."

आत्याची प्रार्थना कमिटीत चालणार नाही. ती गुडघे टेकते, दोन वाक्ये बोलते आणि मग बराच वेळ गप्प. (कधीकधी डुलकीही लागते. पण ते दोघांमधले आहे.) उठली की 'हो' म्हणते, नाहीतर 'नाही', नाहीतर "अजून काही बोलला नाही तो."

तिच्या नातीच्या लग्नाचा केटरर डायरी उघडून बसला होता. "मावशी, पानं किती धरू?"

"प्रभूची इच्छा असली तर चारशे."

"आणि नसली तर?"

"विचारलंय."

त्याने शांतपणे डायरी मिटली. "ॲडव्हान्स आज द्या मावशी. त्यांचं काय ते बुधवारपर्यंत कळवा, गुरुवारी मी कोंबडीची ऑर्डर देतो."